मागे न पाहणारा नायक

एखादा रचनाबंध कथावाङ्मयात वारंवार आढळतो असे एकदा निश्चित झाले, की त्याच्यासंबंधी दोन निराळे प्रश्न संभवतात. तो रचनाबंध कोणत्या घटकांचा बनलेला आहे, हा पहिला. तो सर्वत्र आढळतो, तेवढ्यावरून तो स्वीकारणीय ठरतो काय, हा दुसरा. पहिला प्रश्न वर्णनाचा आहे आणि दुसरा मूल्याचा. नायकाच्या शोधयात्रेसंबंधी विसाव्या शतकात जो विचार झाला त्यात या दोन प्रश्नांमधील सीमारेषा हळूहळू पुसट होत गेली, आणि तिच्या पुसट होण्याची दखल आपल्याकडील समीक्षेनेही फारशी घेतलेली नाही.

नायक घर सोडतो, अपरिचित प्रदेशात शिरतो, कसोट्यांना उतरतो, काही मोलाचे मिळवतो आणि ते घेऊन परततो, हा सांगाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु नायक बहुधा एकटा निघत नाही. त्याच्याबरोबर भाऊ असतात, पत्नी असते, खलाशी असतात, सेवक असतात. यात्रेच्या शेवटी मात्र तो बहुधा एकटाच उरतो. जे बरोबर निघाले आणि पोचले नाहीत, त्यांचे कथा काय करते? हा प्रश्न वरवर कथानकाच्या सोयीचा वाटला तरी मूलतः तो नैतिक आहे असे माझे म्हणणे आहे. त्याची चर्चा मी मुख्यतः दोन महाकाव्यांच्या आधारे करणार आहे.

प्रथम सिद्धान्ताकडे पाहू. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे रूपविज्ञान मांडले तेव्हा त्याची भूमिका कटाक्षाने वर्णनाची होती. शंभर कथांच्या आधारे त्याने ३१ प्रकार्ये आणि पात्रांची ७ कार्यक्षेत्रे निश्चित केली. राजाने नायकाला गरुड दिला काय, म्हाताऱ्याने घोडा दिला काय किंवा मांत्रिकाने होडी दिली काय, प्रकार्य एकच राहते. देणारा कोण आहे, त्याचे पुढे काय झाले, याच्याशी प्रॉपला कर्तव्य नाही. 'साहाय्यक' ही संज्ञाच नायकाच्या अपेक्षेने सिद्ध होते. साहाय्यकाला स्वतःची यात्रा नसते. यात आक्षेपार्ह असे काही नाही. व्याकरणात कर्ता आणि करण असा भेद केल्याने कोणाचा अपमान होत नाही, तसेच हे आहे. प्रॉपने कथेचे व्याकरण सांगितले. माणसाने कसे जगावे हे सांगण्याचा त्याचा दावा नव्हता.

जोसेफ कॅम्बेलच्या १९४९ सालच्या ग्रंथात परिस्थिती पालटते. व्हॅन जेनेपने १९०९ साली संक्रमणविधींच्या ज्या अवस्था दाखविल्या होत्या, त्यांच्या आधारे कॅम्बेलने विलगीकरण, दीक्षा आणि प्रत्यागमन अशी त्रिपदी सिद्ध केली, आणि जगातील सर्व वीरकथा म्हणजे एकाच महाकथेची रूपे होत असा सिद्धान्त मांडला. या महाकथेसाठी त्याने वापरलेला शब्द जेम्स जॉइसकडून घेतलेला होता. कॅम्बेलच्या मते ही यात्रा अंतर्मनाची आहे. तिच्यात भेटणारे राक्षस, देवता, गुरू आणि मोहिनी ही नायकाच्याच मनाची रूपे आहेत, आणि ती पूर्ण करणे म्हणजे मनुष्यत्वाची परिपूर्ती होय. येथे व्याकरणाचे नीतिशास्त्र झाले. पुढे १९७७ साली जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटाने या सांगाड्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. १९९२ साली क्रिस्टोफर व्होगलर याने पटकथालेखकांसाठी त्याचे सुटसुटीत टप्पे पाडून दिले. त्यांपैकी एका टप्प्याचे नावच 'कसोट्या, मित्र, शत्रू' असे आहे. मित्र हा यात्रेतला एक टप्पा झाला! टप्पा ओलांडायचा असतो, त्याच्यापाशी परत जायचे नसते, ही गोष्ट या नामकरणात आपोआप गृहीत धरली गेली आहे.

प्रत्येक कथेला केंद्र असते आणि केंद्र असले की परीघ असणारच, हे मान्य केले पाहिजे. गौण पात्र गौण आहे एवढ्यावरून कथेला दोष देणे हा बालिशपणा होईल. माझा मुद्दा त्याहून मर्यादित आहे. नायकाच्या यशासाठी जे खर्ची पडतात त्यांचे खर्ची पडणे न्याय्य होते, असे वाचकाला वाटावे यासाठी शोधयात्रेची कथा एक विशिष्ट युक्ती योजते. ती मागे पडलेल्याचा दोष सांगते. प्रॉपच्या ३१ प्रकार्यांत या प्रकार्याची नोंद नाही. पण महाकाव्यांत ते इतक्या ठळकपणे आढळते की त्याला बत्तिसावे प्रकार्य म्हणण्याचा मोह व्हावा.

'ओडिसी'चे उदाहरण घ्या. काव्याच्या आरंभीच्या आवाहनातच कवी सांगून टाकतो की ओडिसिअसने सोबत्यांना वाचविण्याची शिकस्त केली. परंतु ते सूर्यदेवाची गुरे खाऊन आपल्याच मूर्खपणाने नाश पावले. वाचक हे वाक्य मनात धरून पुढे जातो आणि काव्य संपेपर्यंत बहुधा ते पुन्हा तपासत नाही. पण काव्यातील हिशेबाशी ते जुळत नाही. ओडिसिअस १२ जहाजे घेऊन ट्रॉयला गेला होता. त्यांपैकी ११ जहाजे लेस्ट्रिगोनियन राक्षसांच्या बंदरात, त्यांवरील माणसांसह, नष्ट झाली. ओडिसिअसने आपले एकट्याचे जहाज बंदराबाहेर बांधून ठेवले होते, म्हणून ते वाचले. सूर्याच्या बेटावर पोचले ते हे एकच जहाज. म्हणजे ज्या अपराधासाठी सर्व सोबत्यांना आरंभी दोषी ठरविले आहे, तो करण्याइतका काळ बहुसंख्य सोबती जगलेच नव्हते.

तीच गोष्ट स्किलेची. ती सहा माणसे उचलणार हे सर्सीने ओडिसिअसला आधीच सांगितले होते. त्याने ते खलाशांपासून लपवून ठेवले, कारण भयाने त्यांनी वल्ही टाकली असती. जहाज वाचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते कदाचित खरेही असेल. परंतु ज्या सहा जणांच्या प्राणांवर जहाज पुढे गेले, त्यांना आपण मोल म्हणून मोजले जात आहोत हे ठाऊक नव्हते. इथाकेला परतल्यावर १०८ वरपुत्रांचा वध होतो, आणि त्यांच्याशी संग केल्याच्या आरोपावरून १२ दासींना फाशी दिली जाते. त्या दासींना नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न काव्य विचारत नाही. मार्गारेट ॲटवुडने २००५ साली 'पेनेलोपिअड' या कादंबरीत त्या बारा जणींना आवाज दिला तो याच रिकाम्या जागेतून.

तथापि होमरच्या काव्याला एवढ्यावर निकालात काढणे अन्यायाचे होईल. शेवटच्या, चोविसाव्या सर्गात युपैथीस नावाचा एक बाप उभा राहतो. त्याचा मुलगा अँटिनोअस मारला गेला आहे. तो इथाकेच्या सभेत जो आरोप करतो त्याचा आशय असा, की या माणसाने जहाजे आणि चांगली माणसे नेली, ती सर्व गमावली, आणि परत येऊन उरलेल्यांतल्या उत्तमांना मारले. साऱ्या काव्यात शोधयात्रेचा जमाखर्च इतक्या उघडपणे दुसरे कोणी मांडलेला नाही. कवी त्याला बोलू देतो, हा कवीचा मोठेपणा होय. मात्र या आरोपाला उत्तर मिळत नाही. युपैथीस लढाईत मारला जातो. मुलांच्या आणि भावांच्या वधाचे विस्मरण लोकांवर घालण्याचे झ्यूसने ठरविलेले असते, आणि शेवटी अथीना तह घडवून आणते. शोधयात्रा पूर्ण व्हायची तर गावाने विसरले पाहिजे, हा या शेवटाचा अर्थ आहे. कॅम्बेलच्या आराखड्यात परतलेला नायक लोकांसाठी वरदान घेऊन येतो. येथे लोकांना मिळते ते विस्मरण.

आता महाभारताकडे वळू. महाप्रस्थानिकपर्व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत अवघ्या तीन अध्यायांचे आहे. पाच भाऊ, द्रौपदी आणि त्यांच्या मागून चालणारे एक कुत्रे अशी ही यात्रा आहे. हिमालय ओलांडून, वाळूचा समुद्र मागे टाकून ते मेरूच्या दिशेने जात असता प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो आणि प्रत्येक वेळी युधिष्ठिर दोष सांगतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे पक्षपात होता. सहदेवाला प्रज्ञेचा, नकुलाला रूपाचा अभिमान होता. अर्जुनाने एका दिवसात शत्रू जाळण्याची बढाई मारली आणि ती पुरी केली नाही. भीम अति खात असे आणि बळाची फुशारकी मारीत असे. असे सांगून तो मागे न पाहता पुढे चालू लागतो. आपण ज्याला बत्तिसावे प्रकार्य म्हटले ते येथे एकामागून एक पाच वेळा, जवळजवळ सूत्रबद्ध रीतीने येते.

या वर्तनाचे समर्थन असे केले जाते की हे प्रस्थान योगयुक्त आहे, आणि योग्याने मागे पाहिले तर त्याचा योग ढळतो. संहितेचा आधार या समर्थनाला आहे. द्रौपदीचे पतनही योगभ्रंशाच्या भाषेत सांगितलेले आहे. पण मग पुढचा प्रसंग दुर्बोध होतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून दे म्हणतो, तेव्हा तोच युधिष्ठिर थांबतो. आपल्यावर विसंबलेल्याला टाकून मला स्वर्ग नको, असे त्याचे म्हणणे. ज्याची निरासक्ती पत्नीसाठी आणि चार भावांसाठी भंगली नाही, ती एका कुत्र्यासाठी कशी भंगली?

हा प्रश्न आधुनिक समीक्षकाने बाहेरून आणलेला नाही. तो संहितेतच आहे, आणि तो इंद्राने विचारला आहे. भावांना आणि द्रौपदीला तू सोडलेस, मग या कुत्र्याला का सोडीत नाहीस, अशा आशयाचा त्याचा सवाल आहे. युधिष्ठिराचे उत्तर असे, की मेलेल्यांशी सख्यही नसते आणि वैरही नसते. त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते म्हणून मी त्यांना सोडले. ते जिवंत असताना सोडले नाही. हे उत्तर बहुतेक वाचकांना पुरेसे वाटत आले आहे. मात्र ते आधीच्या अध्यायाच्या शेजारी ठेवून वाचले की एक अडचण दिसते. भीम पडल्यानंतर बोलतो. तो युधिष्ठिराला हाक मारतो. मी तुझा लाडका पडलो आहे, माझ्याकडे पाहा, आणि ठाऊक असेल तर कारण सांग, अशी विनवणी करतो. म्हणजे भीम पडला तेव्हा जिवंत होता. युधिष्ठिर त्या जिवंत भावाला त्याचा दोष ऐकवतो आणि न पाहता निघून जातो. मग इंद्रासमोर तो जे म्हणतो ते निदान भीमापुरते तरी खरे नाही. आणि इतरांविषयी ते खरे आहे हे त्याला कशावरून कळले? जो वळून पाहत नाही त्याला मागचा मेला की जिवंत आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

या ठिकाणी अर्धसत्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्रोणवधाच्या वेळी युधिष्ठिराने उच्चारलेले वाक्य शब्दाने खरे आणि हेतूने खोटे होते. इंद्राला दिलेल्या उत्तराची जात मला तिच्याशी मिळती वाटते. फरक एवढाच, की या वेळी फसवला जाणारा तो स्वतःच असावा. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे जे चित्र रेखाटले आहे, त्याचा आधार हीच फट आहे. द्रौपदी पडली आहे पण मेलेली नाही, आणि भीम तिच्यापाशी येतो, अशी कल्पना त्या करतात. हा भाग आपला स्वतःचा असल्याचे त्या स्पष्टपणे नमूद करतात. तरीही ती कल्पना मनमानी वाटत नाही याचे कारण असे, की युधिष्ठिराने जे पाहिले नाही तेवढेच त्यांनी पाहिले आहे. जी जागा संहितेने मोकळी ठेवली, ती भरण्याचा अधिकार वाचकाला असतो.

परंतु व्यासांचे काव्य येथे थांबत नाही, आणि 'ओडिसी'पेक्षा त्याची दिशा येथे निराळी होते. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचल्यावर त्याला दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो, आपले कोणी दिसत नाही. जेथे माझे भाऊ तेथे मला जायचे आहे, असा हट्ट तो धरतो. देवदूत त्याला एका घाणेरड्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. दुर्गंधी असह्य होऊन युधिष्ठिर माघारी वळतो. एवढ्यात त्याला आवाज ऐकू येतात. तू आहेस तोवर आम्हांला सुखद वारा लागतो आहे, क्षणभर थांब, असे ते आवाज म्हणतात. तो थांबतो. येथील क्रम महत्त्वाचा आहे. ते आवाज कोणाचे हे त्याला प्रथम ओळखता येत नाही. अनोळखी दुःखितांच्या हाकेला तो प्रथम थांबतो, तुम्ही कोण म्हणून नंतर विचारतो, आणि मग उत्तरे येतात: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी.

पर्वतावर भीमाचा आवाज ओळखीचा होता आणि तो थांबला नव्हता. येथे आवाज अनोळखी आहे आणि तो थांबतो. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. या वेळी तो कोणाचाही दोष सांगत नाही. उलट यांनी असे कोणते पाप केले, असा प्रश्न तो करतो, देवांची आणि धर्माचीही निंदा करतो, आणि मी येथेच राहणार असे दूताला सांगून त्याला परत पाठवतो. शोधयात्रेचे साध्य हाती आल्यावर ते नाकारून, मागे पडलेल्यांच्या शेजारी उभे राहणे, हा या यात्रेचा खरा शेवट आहे. यक्षाच्या प्रश्नांच्या वेळी त्याने आनृशंस्य हा परम धर्म म्हणून सांगितला होता आणि सख्ख्या भावांऐवजी माद्रीच्या नकुलाचे प्राण मागितले होते. त्या शब्दाचा अर्थ प्रस्थानाच्या वाटेवर तो विसरला असावा. नरकाच्या दारात त्याला तो पुन्हा सापडतो.

यावर कोणी म्हणेल की पुढे इंद्र येऊन हा नरक मायेचा होता असे सांगतो, गंगास्नानाने युधिष्ठिराचे मानुषभाव गळून पडतात, आणि सर्व काही सुरळीत होते. हे खरे आहे. पण नरक दाखविण्याचे कारण म्हणून इंद्र द्रोणाशी केलेल्या कपटाचा उल्लेख करतो, हेही खरे आहे. म्हणजे दोष सांगण्याचे जे काम वाटेवर युधिष्ठिराने इतरांच्या बाबतीत केले, ते शेवटी त्याच्या बाबतीत केले जाते. जो पोचला तोही निर्दोष नव्हता. आणि पडलेल्यांचे पडणे त्यांच्या दोषांमुळेच झाले असेल, तर त्याचे न पडणे कशामुळे, हे कोडे महाभारत तसेच ठेवून देते. होमरने गावाला विस्मरण दिले. व्यासांनी नायकाला ऐकायला लावले.

आता मूळ सिद्धान्ताकडे परतता येईल. सोबती ही नायकाच्या मनाचीच रूपे आहेत, असे कॅम्बेलच्या बाजूने म्हटले जाईल. तसे मानले तर भीमाची हाक ही युधिष्ठिराच्या देहबळाची हाक ठरेल, आणि ती न ऐकणे ही आत्मिक उन्नती ठरेल. हा अन्वय सुबक आहे. पण तो लावल्यावर इंद्राचा प्रश्न निरर्थक होतो, युपैथीसचा आरोप निरर्थक होतो आणि नरकातील प्रसंगाची गरजच उरत नाही. संहितेतील सर्वांत अवघड जागा ज्या अन्वयाने नाहीशा होतात तो अन्वय संशयास्पद मानला पाहिजे. शिवाय प्रतीकार्थाची ही सवलत वाचक आपल्या जीवनालाही लावू लागतो. प्रत्येकाने स्वतःला नायक समजावे असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. पण ज्याच्या दृष्टीने मी साहाय्यक आहे, अडथळा आहे किंवा ओलांडायचा टप्पा आहे, तोही स्वतःला नायक समजतो आहे, ही गोष्ट या उपदेशात बसत नाही.

मागे राहिलेल्याला नायकपद देऊन ही अडचण सुटेल असेही नाही. त्याने केंद्र बदलते, सांगाडा तोच राहतो. यापेक्षा निराळी वाट मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४-३६) दिसते. नारायण वामन टिळकांचे जीवन ही अक्षरशः शोधयात्रा होती: घर सोडून भटकणे, सत्याचा ध्यास, १८९५ सालचे धर्मांतर. त्या यात्रेचे वरदान मराठी कवितेलाही लाभले. पण ही यात्रा आपल्यापर्यंत आली आहे ती जिला न विचारता नायक निघून गेला तिच्या कथनातून. लक्ष्मीबाई टिळकांचा मोठेपणा कमी करीत नाहीत, आणि तो मोठेपणा घरात कसा वसूल होत होता हेही लपवीत नाहीत. टिळकांचे निघून जाणे आणि मागे उरलेल्या घरातले रोजचे निभावणे या दोन्ही गोष्टी तेथे एकाच पानावर नांदतात. कोणाचाही दोष सांगून कोणाचे जाणे न्याय्य ठरविलेले नाही.

समीक्षेने या आदिबंधाकडे पाहताना टप्पे मोजण्यापेक्षा नायक कोठे थांबतो हे शोधणे मला अधिक फलदायी वाटते. एल्पिनॉर हा ओडिसिअसचा सर्वांत तरुण सोबती, ना युद्धात नावाजलेला ना बुद्धीने तल्लख. सर्सीच्या छपरावरून पडून तो मेला, आणि घाईत त्याचे अंत्यसंस्कार राहून गेले. मृतांच्या लोकात त्याने विनंती केली आणि ओडिसिअस त्याच्यासाठी सर्सीच्या बेटावर परत गेला. त्याला अग्नी दिला, मातीचा उंचवटा रचला आणि त्यावर तो वल्हवीत असे ते वल्हे रोवले. नायकाला पुढे नेण्यासाठी कथानकाला या वल्ह्याची गरज नव्हती.